थांबणारी गाडी

मनुष्याला वेगाचे आकर्षण फार पुरातन काळापासून आहे. पुराणांतील वायुवेगी रथ आणि पुष्पक विमान ही त्या आकर्षणाचीच अपत्ये होत. म्हणूनच जून २०२३ मध्ये भोपाळ-इंदूर ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती नागपूरपर्यंत नेण्यात आली, तेव्हा आपल्या नगरातील लोकांना आनंद झाला यात नवल नाही. नागपूरकडचे सोयरेधायरे अनेक इंदूरकर मराठी घरांना आहेत. त्यांच्या भेटीचा मार्ग अधिक सुखाचा झाला. अशा गाडीचे स्वागत करावे, तिचा अभिमान बाळगावा. त्यात गैर काहीच नाही.

परंतु एखाद्या प्रांताची रेल्वे चांगली की वाईट, हे केवळ तिच्या सर्वांत वेगवान गाडीवरून ठरविणे म्हणजे एखाद्या घराचे सुख त्याच्या दिवाणखान्यावरून ठरविण्यासारखे आहे. पाहुण्यांचे डोळे दिवाणखान्यात दिपतात. घरातली माणसे मात्र जगतात ती स्वयंपाकघराच्या आधारावर. रेल्वेचे स्वयंपाकघर म्हणजे तिच्या लहान पल्ल्याच्या, प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या, अल्प भाड्याच्या गाड्या. वेगवान गाडी मोजक्या स्थानकांवर थांबते आणि मधल्या गावांना आपले दर्शन तेवढे देऊन जाते. त्या मधल्या गावांतील विद्यार्थी, दूधवाला, गवंडी, भाजीविक्रेती आणि कचेरीतला कारकून यांना वाहून नेते ती दुसरीच गाडी. गेल्या तीस वर्षांत भारतातील ज्या मार्गांवर विजेच्या तारा नव्हत्या, त्यांपैकी पुष्कळ मार्गांवर ही सेवा एका विशिष्ट जातीच्या गाडीने केली. तिला लोक ‘डेमू’ म्हणतात. या गाडीविषयी, आणि तिच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाविषयी, चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

‘डेमू’ हे ‘डिझेल इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट’ या लांबलचक नावाचे लघुरूप होय. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही; तिची रचना समजण्यास सोपी आहे. नेहमीच्या गाडीत डबे निराळे आणि त्यांना ओढणारे इंजिन निराळे असते. डेमूमध्ये टोकाच्या डब्यातच डिझेल इंजिन बसविलेले असते आणि उरलेल्या जागेत प्रवासीही बसतात. हे इंजिन चाके स्वतः फिरवीत नाही. ते एक विद्युत्‌जनित्र फिरविते, जनित्र वीज उत्पन्न करते, आणि ती वीज चाकांच्या आसाशी बसविलेल्या मोटारींकडे जाऊन गाडी चालविते. म्हणजे खरे पाहता डेमू ही विजेवरच चालणारी गाडी आहे. फक्त ती आपले वीजघर आपल्याबरोबर घेऊन हिंडते. काही गाड्यांत विजेऐवजी तेलाच्या प्रवाहाने इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचविली जाते. त्यांना डिझेल-हायड्रॉलिक म्हणतात. आपल्याकडील एका जातीच्या डेमूचे इंजिन १४०० अश्वशक्तीचे आहे, तर त्यानंतर आलेल्या जातीचे १६०० अश्वशक्तीचे.

या रचनेचा सर्वांत मोठा लाभ शेवटच्या स्थानकावर दिसतो. सामान्य गाडी तेथे पोचली की इंजिन सोडवावे लागते, शेजारच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला आणावे लागते, पुन्हा जोडावे लागते आणि गतिरोधकाची तपासणी करावी लागते. डेमूला दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. चालक एका टोकाकडून उतरून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, आणि गाडी आल्या वाटेने परतण्यास सिद्ध होते. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण थोडा हिशेब करून पाहा. समजा, इंजिन फिरविण्यात प्रत्येक वेळी २० मिनिटे जातात आणि लहान पल्ल्याची गाडी दिवसातून आठ वेळा टोक गाठते. तर १६० मिनिटे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास, नुसते इंजिनाच्या प्रदक्षिणेत गेले. तेवढ्या वेळात इंदूर-महूसारख्या सुमारे २१ किलोमीटरांच्या मार्गावर आणखी दोन-तीन फेऱ्या सहज होतील. नवे रूळ टाकावे लागले नाहीत, नवी गाडी घ्यावी लागली नाही. केवळ गाडीची घडण बदलल्यामुळे लोकांच्या पदरात अधिक फेऱ्या पडल्या. थेंबे थेंबे तळे साचे, या म्हणीचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

या गाडीची वंशावळ मनोरंजक आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी रीतीने चालवून दाखविले. १९३३ साली बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांच्या दरम्यान दोनच डब्यांची डिझेल-विजेची एक गाडी सुरू झाली. ‘उडता हॅम्बुर्गकर’ अशा अर्थाचे तिचे नाव लोकांत रूढ झाले. ती २८६ किलोमीटरांचे अंतर १३८ मिनिटांत तोडीत असे. आश्चर्य असे की, जिच्या पूर्वजाने वेगासाठी कीर्ती मिळविली, ती गाडी पुढे जगभर नावाजली गेली ती लहान गावांच्या सेवेसाठी. ज्या मार्गावर वर्दळ बेताची, तारा टाकण्याचा खर्च परवडणारा नाही, आणि मोठे इंजिन जुंपणे म्हणजे मुंगीच्या शिकारीला तोफ नेणे, तेथे डिझेलवर चालणारी ही आटोपशीर गाडी सोयीची ठरली. भारतात पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्‌घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्याच कारखान्याने १९९० नंतरच्या दशकात अशा गाड्या बांधून रुळांवर आणल्या. अनेक डेमूंत कमिन्स कंपनीचे इंजिन असते. या कंपनीचा भारतातील उद्योग १९६२ साली किर्लोस्करांच्या सहभागाने पुण्यात कोथरूड येथे उभा राहिला, ही गोष्ट मराठी वाचकास ठाऊक असावी.

आता आपल्या माळव्याकडे वळू. इंदूरला रेल्वे आली ती आपोआप आली नाही. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० साली ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले. व्याज शेकडा साडेचार आणि मुदत १०१ वर्षे. त्या पैशातून खंडवा-इंदूर ही मीटर गेज ‘होळकर स्टेट रेल्वे’ बांधली गेली. खंडवा ते सनावद हा भाग १८७४ साली खुला झाला आणि मोरटक्का येथील नर्मदेवरचा पूल १८७६ साली. सुमारे १३८ किलोमीटरांचा हा मार्ग पुढे एका बाजूस रतलाम-नीमचकडे आणि दुसऱ्या बाजूस, १९६० च्या सुमारास, अकोला-पूर्णेपर्यंत जोडला गेला. राजस्थानातून काचीगुड्याकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस इंदुरातून जात असे. वऱ्हाड आणि माळवा यांना जोडणारा तो एक सळसळता धागा होता. कितीतरी मराठी कुटुंबांच्या लग्नाच्या वऱ्हाडांनी, माहेरवाशिणींनी आणि सुटीवर आलेल्या भाचरांनी त्या अरुंद गाड्या गजबजून जात.

मीटर गेजचे दिवस संपणे अपरिहार्य होते. रतलाम-इंदूर मार्ग २०१४ साली आणि इंदूर-महू मार्ग २०१६ साली ब्रॉड गेज झाला, आणि या मार्गावर डेमू धावू लागल्या. सैफी नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, राऊ, हरण्याखेडी आणि डॉ. आंबेडकर नगर, अशी ही स्थानकांची माळ आहे. यांपैकी लोकमान्य नगर व राजेंद्र नगर ही स्थानके आपल्या सुदामा नगरापासून फार दूर नाहीत. या माळेतील प्रत्येक मणी कोणाच्या तरी नित्याच्या जीवनाशी जोडलेला आहे. राजेंद्र नगराजवळ राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. महूला १९५५ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मभूमीकडे जाणारा जनसागर आहे. वेगवान गाड्यांना सैफी नगर किंवा हरण्याखेडी येथे थांबणे परवडणार नाही. तेथे थांबणे हा लहान गाडीचाच धर्म आहे.

महाराष्ट्रातही या गाडीने असाच धर्म पाळला आहे. बीड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, आणि लोक वर्षामागून वर्षे वाट पाहत राहिले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी या ६६ किलोमीटरांच्या टप्प्यावर पहिली प्रवासी गाडी धावली. ती डेमू होती. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरालाच रेल्वे पोचली. तेथेही डेमूच गेली. ज्या नगरीचे नाव आता अहिल्यानगर आहे, तिच्याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला. ज्या माउलीने वाटेवरच्या पांथस्थासाठी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तिच्या जन्मभूमीतून मराठवाड्याकडे निघालेली गाडी सामान्य पांथस्थांची असावी, हे उचितच झाले.

एवढेच नव्हे, तर ही गाडी देशाची सीमाही ओलांडून गेली आहे. कोकण रेल्वे महामंडळाने १६०० अश्वशक्तीच्या दोन डेमू गाड्या चेन्नईच्या त्याच कारखान्यातून बांधून घेऊन सप्टेंबर २०२० मध्ये नेपाळच्या स्वाधीन केल्या. २ एप्रिल २०२२ पासून बिहारमधील जयनगर आणि नेपाळातील जनकपूरपलीकडचे कुर्था या दरम्यान त्या धावू लागल्या. सह्याद्रीतून वाट काढणाऱ्या संस्थेने सीतामाईच्या माहेरापर्यंत गाडी पोचविली, ही गोष्ट कोणासही कौतुकाची वाटेल.

येथपर्यंत डेमूचे गुणगान झाले. आता तिच्यावरील आक्षेपांचाही निःपक्षपातीपणे विचार केला पाहिजे. कारण एकतर्फी स्तुती ही वकिली होय, विचार नव्हे.

पहिला आक्षेप धुराचा. डिझेल हे खनिज तेल आहे. त्यातील फार मोठा भाग आपल्याला परदेशातून विकत घ्यावा लागतो. त्याच्या धुराने हवा दूषित होते. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. त्यावर निरनिराळे प्रयोगही झाले. जानेवारी २०१५ मध्ये हरियाणातील रेवाडी-रोहतक मार्गावर डिझेलबरोबर नैसर्गिक वायूही जाळणारी डेमू सुरू झाली. जुलै २०१७ मध्ये दिल्लीत १६०० अश्वशक्तीची एक डेमू सेवेत आली. तिच्या डब्यांच्या छतांवर प्रत्येकी १६ सौरपट्ट्या होत्या. दिवे आणि पंखे सूर्याच्या जोरावर चालत, गाडी मात्र डिझेलवरच धावे. जर्मनीत २०१८ पासून हायड्रोजनवर चालणाऱ्या प्रवासी गाड्या रुळांवर आल्या. पण आपल्या देशात खरे उत्तर मिळाले ते निराळेच : विजेच्या तारा. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. इंदूर-रतलाम मार्गावरही तारा आल्या. तारा आल्या की डेमूचे फिरते वीजघर अनावश्यक ठरते, आणि तिची जागा ‘मेमू’ ही तारांवरून वीज घेणारी भगिनी घेऊ लागते. हे योग्यच आहे. घराघरात वीज आल्यावर कंदिलासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. डिझेलची कड घेण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. लहान पल्ल्याच्या गाड्या तोट्यात चालतात. त्यांच्या तिकिटातून खर्च निघत नाही. शिवाय वारंवार थांबल्यामुळे त्या रूळ अडवून ठेवतात आणि मागच्या मोठ्या गाड्यांचा खोळंबा होतो. या म्हणण्यातही तथ्य आहे. पण ते अर्धे आहे. गावची शाळा नफा देते काय? सार्वजनिक वाचनालय, दवाखाना, पाणवठा यांच्या जमाखर्चात नफ्याचे घर रिकामेच असते. तरी ती बंद करावीत असे कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाही. कारण त्यांचा नफा त्यांच्या वहीत नोंदला जात नाही. तो समाजाच्या वहीत नोंदला जातो. राऊची मुलगी इंदूरच्या महाविद्यालयात रोज येऊन जाऊ शकली, आणि तीन वर्षांनी पदवीधर झाली, तर त्या पदवीत गाडीचाही वाटा आहे. तिकिटाच्या उत्पन्नात मात्र तो कोठेच दिसणार नाही. रूळ अडण्याचा प्रश्न दुहेरी व तिहेरी मार्गांनी सोडवावयाचा असतो, लहान गाडी रद्द करून नव्हे.

तिसरा आक्षेप असा की, आता गावोगाव पक्के रस्ते झाले, मोटारी झाल्या, घरटी दुचाकी झाली. मग या संथ गाडीची गरज काय? जो तरुण दुचाकी चालवितो, त्याला हे म्हणणे पटेल. पण समाज केवळ तरुणांचा बनलेला नाही. दुचाकी न चालविणारी आजी आहे, परवाना नसलेला विद्यार्थी आहे, आणि पेट्रोलच्या किमतीत ज्याची अर्धी मजुरी जाईल असा कामगार आहे. पावसाळ्यात घाटातील रस्त्यावर जी तारांबळ उडते, ती माळव्यातील कोणासही सांगावी लागत नाही. गाडी आणि मोटार या परस्परांच्या सवती नव्हेत. एकीने स्थानकापर्यंत आणावे आणि दुसरीने पुढे न्यावे, अशी ही व्यवस्था असावयास हवी.

म्हणून या लेखातील मुख्य प्रतिपादन असे आहे : डिझेल जाईल, ते जावे, परंतु डिझेलच्या या गाडीने अंगी बाणविलेले व्रत तिच्याबरोबर जाता कामा नये. ते व्रत म्हणजे पुष्कळ ठिकाणी थांबणे, पुष्कळ वेळा येणे आणि थोडे पैसे घेणे. इंधन हे साधन आहे. सेवा हे साध्य आहे. साधन सुधारताना साध्य हरवले, तर त्या सुधारणेला सुधारणा म्हणता येणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे त्या हळूहळू सुरू झाल्या, तेव्हा अनेक पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ किंवा ‘एक्स्प्रेस’ या नावाने धावू लागल्या. गाडी तीच, डबे तेच, पल्ला तोच. पण किमान भाडे १० रुपयांऐवजी ३० रुपये झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपये करण्यात आले. या मधल्या काळात २० रुपयांचा हा फरक श्रीमंतास जाणवला नसेल. पण रोज जाऊन येऊन ४० रुपये अधिक, म्हणजे महिन्याच्या पंचवीस दिवसांचे १००० रुपये, हा भार रोज तिकीट काढून कामावर जाणाऱ्या मजुराच्या संसारात लहान नसतो. नाव बदलले की भाडे बदलते, आणि भाडे बदलले की प्रवासी बदलतो. काही जण घरी बसतात. त्यांची गणना कोणीही करीत नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे. अकोला-खंडवा मार्गावरील मीटर गेज गाड्या २०१७ पासून बंद आहेत. महूहून नर्मदाकाठच्या ओंकारेश्वर रोडपर्यंत जाणारी मीटर गेज गाडीही २०२३ च्या आरंभी थांबली. रुंदीकरणासाठी असे करणे आवश्यक होते. जुन्या घाटाचा चढ ४० फुटांना १ फूट असा कठीण होता, आणि नवा मार्ग अधिक सौम्य चढाचा व्हावा म्हणून वळसा घेऊन नेला जात आहे. पाताळपाणी ते काळाकुंड या जुन्या घाटात डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली. त्या गाडीतून दरी आणि धबधबा पाहावा, त्याचा आनंद घ्यावा. पण पर्यटकाची गाडी आणि रहिवाशाची गाडी यांत अंतर आहे. बलवाडा, बडवाह, सनावद या गावांचा माणूस निसर्गशोभा पाहण्यासाठी गाडीत बसत नसे. तो औषध आणण्यासाठी, माल विकण्यासाठी आणि परीक्षेला बसण्यासाठी बसत असे. रुंद रूळ पूर्ण झाल्यावर त्यांवरून दूरदूरच्या जलद गाड्या डौलाने जातील. त्यांच्यामागून या गावांसाठी थांबणारी गाडी येईल की नाही, हे आज विचारावयास हवे. उद्या विचारून उपयोग नाही.

याहूनही मोठी गोष्ट पुढे आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या मार्गास संमती दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये अपेक्षित आहे. नाशिक, धुळे, बडवानी, खरगोन, धार आणि इंदूर या जिल्ह्यांतून हा मार्ग जावयाचा आहे. त्यावर ३० नवी स्थानके होणार आहेत, आणि सुमारे १००० गावे व ३० लाख लोक यांना त्याचा लाभ होईल असे सरकारने म्हटले आहे. महाराष्ट्र आणि माळवा यांच्यामधील हा सरळ सेतू व्हावा, अशी मागणी कितीतरी वर्षांची आहे. ती फलद्रूप होत आहे याचा आपणा सर्वांस हर्ष आहे. परंतु त्या ३० स्थानकांचा आकडा वाचताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. स्थानक म्हणजे फलाट, पत्र्याची छपरी आणि नावाची पिवळी पाटी एवढेच काय? ज्या स्थानकावर गाडी थांबत नाही, ते स्थानक म्हणजे घंटा नसलेले देऊळ. इंदूरहून मुंबईस जाणाऱ्या गाडीचे तीन तास वाचतील की चार, याची चर्चा वृत्तपत्रांत पुष्कळ होईल. सेंधव्याच्या आसपासच्या आदिवासी खेड्यातील मुलास सकाळी शाळेच्या वेळेवर पोचविणारी आणि संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी घरी आणणारी गाडी असेल काय, याची चर्चा कोण करणार?

ती आपण केली पाहिजे. नव्या मार्गाची आखणी होत असतानाच तीन गोष्टींचा आग्रह धरावा असे वाटते. पहिली, प्रत्येक लहान स्थानकावर दिवसातून निदान चार वेळा दोन्ही दिशांना थांबणारी गाडी असावी, आणि तिची वेळ शाळा, बाजार व कचेऱ्या यांच्या वेळेशी जुळणारी असावी. पहाटे तीन वाजता थांबणारी गाडी केवळ वेळापत्रकाची शोभा होय. दुसरी, तिचे नाव काहीही ठेवावे, पण भाडे सामान्य पॅसेंजरचेच असावे. तिसरी, या गाड्या दोन्ही टोकांनी चालणाऱ्या मेमू जातीच्या असाव्यात, म्हणजे डेमूने दाखवून दिलेली वेळेची बचत विजेच्या युगातही चालू राहील. यांपैकी एकही मागणी अशक्य कोटीतील नाही. तिला पाठबळ मात्र हवे; आणि पाठबळ देणारे लोक बहुधा जलद गाडीच्या थांब्यासाठीच निवेदने देण्यात गुंतलेले असतात.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही म्हणाल, या मोठ्या कारभारात आम्ही लहानांनी काय करावे? करण्यासारखे पुष्कळ आहे. रेल्वेचे वेळापत्रक वाचावयास शिका. आपल्या भागातील कोणती गाडी कोठे थांबते आणि कोठे थांबत नाही, याची नोंद ठेवा. भूगोलाच्या वहीत नर्मदेचा उगम लिहिता, तसा तिच्यावरच्या पुलाचा इतिहासही लिहा. लहान अंतर असले तरी तिकीट काढा. कारण बिनतिकीट प्रवास करणारा मनुष्य स्वतःच्याच गाडीच्या विरुद्ध साक्ष देत असतो. तिकिटे खपली नाहीत की कागदावर प्रवासी दिसत नाहीत, आणि प्रवासी दिसले नाहीत की गाडी रद्द होते. डब्यातील बाकावर नाव कोरू नका, धावत्या गाडीवर दगड मारणाऱ्यास अडवा, आणि वृद्धांना जागा द्या. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी, कोणी लोकप्रतिनिधी. त्या वेळी तुमच्या मेजावर नव्या मार्गाचा नकाशा येईल. त्यावरील मोठ्या शहरांची नावे ठळक अक्षरांत असतील. त्यांच्यासाठी बोलणारे पुष्कळ असतील. तुम्ही बारीक अक्षरांतील नावेही वाचा.

तुकोजीराव महाराजांनी १ कोटी रुपये दिले, तेव्हा इंदूर हे रेल्वेच्या नकाशावरचे एक दुर्लक्षित गाव होते. मुख्य मार्ग खंडव्यावरून जात होता. त्याला इंदूरसाठी थांबण्याचे काही कारण नव्हते. कोणीतरी आग्रह धरला, पदरमोड केली, म्हणून गाडी येथपर्यंत आली आणि हे नगर वाढले. जे इंदुराला मिळाले, ते बलवाड्याला आणि हरण्याखेडीला मिळावे, एवढीच मागणी आहे. ज्यांच्यासाठी एकेकाळी गाडी थांबली, त्यांनी इतरांसाठी गाडी थांबावी म्हणून झटणे हे त्यांचे कर्तव्यच होय.